भाड्याची खोली की शेअर?

यंदा निवृत्त होणाऱ्या एका सहकाऱ्यांनी परवा स्टाफरूममध्ये विचारले, "सर, ३० लाख हाती येतील. बँकेत ठेवून व्याज खायचे नाही. फ्लॅट घेऊन भाड्याने द्यावा की शेअर घ्यावेत?" हा प्रश्न आपल्यापैकी अनेक घरांत आहे. म्हणून त्यांच्याशी झालेले बोलणे इथे मांडतो.

आधी फ्लॅटचा हिशोब करू. समजा, ३० लाखांच्या फ्लॅटला महिना ८ हजार भाडे येते, म्हणजे वर्षाला ९६ हजार. भाडेकरू बदलताना एक महिना घर रिकामे राहिले, तर ८८ हजार उरतात. सोसायटीचे १२ हजार, घरपट्टी व दुरुस्तीचे १० हजार वजा केले की हातात येतात ६६ हजार. म्हणजे शेकडा २.२ रुपये. जागेची किंमत वाढते हे खरे, पण ती विकल्याशिवाय हाती येत नाही. मुलीचे लग्न किंवा दवाखाना आला, तर फ्लॅटची एक भिंत विकता येत नाही. भाडेकरार लेखी करून त्याची नोंदणी करणेही महाराष्ट्रात बंधनकारक आहे आणि ती जबाबदारी मालकाची आहे. ओळखीचा माणूस आहे म्हणून तोंडी व्यवहार करू नये.

आता शेअर. हे हवे तेवढे विकता येतात, पण काळीज घट्ट लागते. जानेवारी २०२० मध्ये १२ हजारांच्या वर असलेला निफ्टी मार्चमध्ये ८ हजारांच्या खाली आला होता. नोव्हेंबरपर्यंत तो परत वर गेला, पण घाबरून मार्चमध्येच विकणाऱ्याचे नुकसान झाले ते झालेच. म्हणून पुढच्या पाच-सात वर्षांत लागणारा पैसा तिथे नेऊ नये. हलालचा प्रश्नही आहे. दारू, जुगार, व्याजी बँका आणि कर्जात बुडालेल्या कंपन्या वगळून केलेला 'निफ्टी ५० शरिया' हा निर्देशांक आहे. निवड करताना त्याचा आधार घेता येतो. कंपनीच्या नफ्यात थोडे व्याज मिसळलेले असेल, तर तेवढी रक्कम सवाबची नियत न करता गरजूंना द्यावी. सकाळी घेऊन संध्याकाळी विकण्याचा सट्टा मात्र बहुतेक उलमा नाजायज ठरवतात.

जकातीचा हिशोबही वेगळा आहे. भाड्याने दिलेल्या घराच्या किमतीवर जकात नाही. भाड्यातून शिल्लक राहिलेली रक्कम आपल्या इतर बचतीत धरून, निसाब व वर्ष पुरे झाले की, अडीच टक्के द्यायचे. विक्रीसाठी घेतलेल्या शेअरच्या पूर्ण बाजारभावावर जकात आहे. दीर्घकाळ ठेवलेल्या शेअरबाबत आपल्या आलिमांना विचारून घ्यावे.

इथपर्यंतचे सहकाऱ्यांना ठाऊक होते. पुढचे आम्ही आमच्या घरातले सांगितले.

अब्बांनी हयातीत दोन खोल्या बांधून भाड्याने दिल्या होत्या. अम्मी आधीच गेल्या होत्या. अब्बांच्या पश्चात आम्ही दोन भाऊ आणि आपा. भाडे भाईजान गोळा करत, निम्मे आम्हाला देत. आपाने कधी मागितले नाही, आम्ही कधी विचारले नाही. नऊ वर्षे गेली. वर्गात मुलांना सूरह अन-निसामधले वारसाचे नियम समजावताना फळ्यावर दोन, दोन, एक असे आकडे लिहिले आणि हात थांबला. महिना ५ हजार भाड्यातले एक हजार आपाचे होते. नऊ वर्षांचे १ लाख ८ हजार झाले. भाईजानशी बोललो, आधी ते रागावले, मग गप्प झाले. दोघांनी मिळून ते पैसे आपाला नेऊन दिले. ती म्हणाली, "पैशाचं नाही रे, अब्बांच्या घरात माझंही काही आहे, हे कोणीतरी म्हणावं असं वाटायचं."

शेअर घेतले म्हणून हा घोटाळा टळतोच असे नाही. डिमॅट खात्यात एका मुलाचे नाव नॉमिनी म्हणून लागते आणि तो स्वतःला मालक समजतो. नॉमिनी वारसांना डावलून मालक होत नाही, असे सर्वोच्च न्यायालयाने डिसेंबर २०२३ मध्ये शक्ती येझदानी प्रकरणात स्पष्ट केले आहे. मात्र शेअर मोजून वाटता येतात. खोली वाटता येत नाही, म्हणून ती ज्याच्या ताब्यात त्याचीच होऊन बसते.

सहकाऱ्यांना पत्नी, दोन मुलगे व एक मुलगी आहे. आम्ही म्हणालो, "सगळे एकाच ठिकाणी घालू नका. फ्लॅट घ्या किंवा शेअर, पण त्याच दिवशी एक कागद करा. काय आहे, कुठे आहे, भाडे किती येते, ते लिहा. पत्नीचा आठवा हिस्सा आणि उरलेल्याचे पाच भाग मुलांना आत्ताच समजावून सांगा. मुलीलाही समोर बसवा."

ते थोडा वेळ गप्प होते. मग म्हणाले, "सर, आमच्या बहिणीचाही हिशोब राहिला आहे. आधी तो करतो."