अंगठा गरिबाचा, पडदा गोदामावर

2018 च्या जुलै महिन्यात नांदेड जिल्ह्यात, नायगाव तालुक्यातील कृष्णूरच्या औद्योगिक वसाहतीत, सरकारी धान्याचे ट्रक एका खासगी कारखान्याच्या आवारात पोलिसांनी पकडले. तपास पुढे राज्य गुन्हे अन्वेषण विभागाकडे गेला. हे इंटरनेटपूर्व काळात घडलेले नाही. राज्यातील रेशन दुकानांत तेव्हा अंगठ्याचा ठसा घेणारी यंत्रे बसू लागली होती, वाटपाचे आकडे संकेतस्थळावर दिसू लागले होते. संगणक आला की भ्रष्टाचार जाईल, या भाबड्या समजुतीला कृष्णूरने परस्पर उत्तर दिले आहे.

यंत्र निरुपयोगी आहे, असा याचा अर्थ नव्हे. दक्षिण कोरियात सेऊलच्या महापालिकेने 1999 साली नागरिकांच्या अर्जांचा प्रवास इंटरनेटवर खुला केला. आपला कागद कोणत्या अधिकाऱ्यापाशी अडला आहे, हे अर्जदाराला दिसू लागले. तेथे उजेड अधिकाऱ्यावर पडला. आपल्याकडे तो प्रथम गरिबावर पडला. लातूरच्या शेतमजूर स्त्रीला महिन्याच्या पाच किलो धान्यासाठी अंगठा द्यावा लागतो. कष्टाने झिजलेला तो अंगठा उमटला नाही, तर तिला हेलपाटे पडतात. गोदामातून किती पोती निघाली आणि वाटेत किती उतरली, हे विचारण्याचे साधन मात्र तिच्या हाती नाही. माहिती संकेतस्थळावर असणे वेगळे आणि जनतेच्या हाती असणे वेगळे. या दोहोंमधील अंतर हेच भ्रष्टाचाराचे कुरण आहे.

कायद्याची उणीव नाही. वितरणाच्या नोंदी खुल्या ठेवणे, सामाजिक अंकेक्षण आणि दक्षता समित्या या तिन्ही गोष्टी 2013 च्या राष्ट्रीय अन्न सुरक्षा कायद्यात आहेत. उणीव आहे ती त्यांचा वापर करणाऱ्या संघटित शक्तीची. राजस्थानात मजदूर किसान शक्ती संघटनेने 1994 पासून जनसुनावण्यांत सरकारी हजेरीपट आणि बिले गावकऱ्यांसमोर वाचली. त्या खेड्यांत इंटरनेट नव्हते. जाब विचारणारी माणसे होती. 2005 च्या माहिती अधिकार कायद्यामागे त्या लढ्याचे मोठे बळ होते.

मराठवाड्यातील कार्यकर्त्यांपुढचे काम यातून स्पष्ट होते. आपल्या गावच्या दुकानाची ऑनलाइन नोंद कागदावर उतरवावी, ती ग्रामसभेत मोठ्याने वाचावी आणि प्रत्येक कार्डधारकाला विचारावे, एवढे धान्य घरी आले काय? पडद्यावरचा आकडा आणि घरातले पोते यांचा मेळ घालण्याचे काम यंत्र करणार नाही; ते संघटनेलाच करावे लागेल.