परमुलखातील म्हातारपण : अनुग्रह की हक्क?

सेवानिवृत्तीनंतरचे आयुष्य परदेशात, तेथल्याच जोडीदाराच्या सोबतीने काढावे, हा विचार एके काळी संस्थानिकांना आणि फार तर बड्या व्यापाऱ्यांना परवडणारा होता. आज तो सामान्य घरांच्या उंबरठ्यापर्यंत आला आहे. मराठवाड्यातील तालुक्याच्या गावांतून मुले-मुली लातूर-नांदेडच्या शिकवणी वर्गांत जातात, तेथून पुण्या-मुंबईस आणि पुढे जर्मनी, इंग्लंड, अमेरिका वा आखाती देशांत. काहींचे संसार तिकडच्याच माणसांशी जुळतात. पन्नाशी जवळ आली की प्रश्न उभा राहतो : म्हातारपण कोठे काढावयाचे? या प्रश्नाकडे बचतीचा आणि हौसेचा प्रश्न म्हणून पाहण्याची सध्या रीत आहे. वस्तुतः तो हक्काचा प्रश्न आहे. ज्या देशात माणसाने श्रम केले, ज्या माणसाबरोबर संसार केला, त्या देशात आणि त्या माणसाशेजारी म्हातारे होण्याचा अधिकार त्याला आहे काय? आणि असल्यास तो कोणाच्या मर्जीवर अवलंबून आहे?

या प्रश्नाचा एक जुना दाखला नांदेड जिल्ह्यातील हिमायतनगरच्या नावाशीच निगडित आहे. हे गाव मूळचे वाढोणा. निजामी अमलात त्याला सातवा निजाम मीर उस्मान अली खान याच्या थोरल्या पुत्राचे, मीर हिमायत अली खान ऊर्फ आझमजाह याचे, नाव मिळाले. या आझमजाहचा विवाह नोव्हेंबर १९३१ मध्ये फ्रान्समधील नीस येथे झाला. वधू होती अखेरचा उस्मानी खलिफा दुसरा अब्दुलमजीद याची कन्या दुर्रुशेहवार. मार्च १९२४ मध्ये तुर्की प्रजासत्ताकाने खिलाफत रद्द केली आणि खलिफाच्या कुटुंबास देशाबाहेर काढले. तेव्हापासून हा पदच्युत खलिफा परमुलखात दिवस कंठीत होता आणि त्याचा निर्वाह मुख्यतः निजामाने बांधून दिलेल्या दरमहा तीनशे पौंडांवर चालला होता. ऑगस्ट १९४४ मध्ये पॅरिस येथे तो वारला. तुर्कस्तानने दफनास परवानगी नाकारली. त्याच्यासाठी मराठवाड्यात खुलताबादच्या परिसरात तुर्की धाटणीची एक कबर बांधण्यात आली होती. तीही रिकामीच राहिली. जवळजवळ दहा वर्षे त्याचे शव पॅरिसच्या मशिदीत पडून होते. अखेर १९५४ साली मदिनेत त्याला माती मिळाली.

याच घराण्याच्या तिसऱ्या पिढीचा दाखलाही असाच बोलका आहे. आझमजाहचा पुत्र मुकर्रमजाह १९६७ साली आजोबांच्या गादीचा वारस झाला. सत्तरीच्या दशकात हैदराबाद सोडून तो पश्चिम ऑस्ट्रेलियात मेंढ्यांच्या एका विस्तीर्ण कुरणावर राहावयास गेला आणि १९७९ साली तेथल्याच एका स्त्रीशी त्याने विवाह केला. पुढे संपत्ती आटली, दावे वाढले, ऑस्ट्रेलिया सुटले. आयुष्याची अखेरची पंचवीसेक वर्षे त्याने तुर्कस्तानात काढली. १४ जानेवारी २०२३ रोजी इस्तंबूलमध्ये त्याचे निधन झाले आणि शव हैदराबादेत आणून मक्का मशिदीत त्याचे दफन करण्यात आले.

ज्यांच्यापाशी अमाप धन होते त्यांचीही ही कथा! खलिफाचे म्हातारपण दुसऱ्या राजाच्या उदारपणावर टिकले, नातवाचे वडिलोपार्जित संपत्तीवर. दोन्ही आधार त्यांच्या स्वतःच्या श्रमाचे नव्हते. तीनशे पौंडांची ती रक्कम आणि मेंढ्यांचे ते कुरण यांचा उगम अखेर मराठवाडा, तेलंगण व कर्नाटकातील रयतेने भरलेल्या साऱ्यात होता. म्हणजे वाढोण्यासारख्या गावांतील कुणब्याच्या घामावर परदेशातील म्हातारपणे पोसली गेली, आणि त्या कुणब्याच्या स्वतःच्या म्हातारपणाची तरतूद मात्र कोणत्याही दफ्तरात नव्हती.

स्वतंत्र भारताने या अन्यायाचा एक भाग दूर केला. डिसेंबर १९७१ मध्ये सव्विसाव्या घटनादुरुस्तीने संस्थानिकांचे तनखे बंद झाले. जन्माच्या पुण्याईवर आजन्म वेतन घेण्याचा अधिकार कोणालाही नाही, हे तत्त्व त्यातून प्रस्थापित झाले. त्याच वर्षी देवकीनंदन प्रसाद खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने दुसरी, तितकीच महत्त्वाची गोष्ट सांगितली : कर्मचाऱ्याचे निवृत्तिवेतन ही सरकारची बक्षिसी नव्हे, तो त्याचा हक्क आहे. डिसेंबर १९८२ मध्ये नकारा खटल्याच्या निकालाने या विचाराला पूर्ण रूप दिले. निवृत्तिवेतन हा मालकाच्या लहरीवर सोपविलेला अनुग्रह नसून, पूर्वी केलेल्या सेवेचा मोबदला आणि म्हातारपणीच्या सामाजिक न्यायाचे साधन आहे, असे न्यायालयाने मानले. तनखा गेला आणि पेन्शन हक्क ठरले. परंतु हे तत्त्व देशाची सरहद्द ओलांडताच लंगडे पडते, आणि परदेशी म्हातारपणाची सारी अडचण तेथेच आहे.

सरहद्दीपलीकडे श्रमाचा हक्क कसा गळतो, हे पाहावयास हवे. ब्रिटनच्या एप्रिल २०१६ पासूनच्या व्यवस्थेत सरकारी पेन्शनला पात्र होण्यासाठी किमान दहा वर्षांची आणि पूर्ण पेन्शनसाठी पस्तीस वर्षांची विमा-वर्गणी लागते. ती भरलेला मनुष्य निवृत्तीनंतर फ्रान्समध्ये वा अमेरिकेत राहिला तर त्याचे पेन्शन दरवर्षी वाढते. भारतात येऊन राहिला तर ते पहिल्या दिवसाच्या आकड्यावर गोठते. वर्गणी सर्वांनी सारखीच भरली. मग हिमायतनगरात राहणाऱ्याच्या पोटाला महागाई लागत नाही काय? अमेरिकेत सामाजिक सुरक्षेचा कर पहिल्या पगारापासून कापला जातो, पण पेन्शनचा हक्क साधारणतः दहा वर्षांच्या नोकरीनंतर मिळतो, आणि भारताशी त्या देशाचा या बाबतीतला करार झालेला नाही. सहा-सात वर्षे राबून परतणाऱ्या भारतीयाची वर्गणी तेथल्या निधीत राहते आणि तो रिकाम्या हाताने विमानात बसतो. आखाती देशांत भारतीय कामगाराला पेन्शन नाही. नोकरीअखेर मिळणारी एकरकमी रक्कम हीच त्याची पुंजी. काम संपले की राहण्याचा परवानाही संपतो. तेथे उमेद खर्च करता येते, म्हातारे होता येत नाही.

याउलट भारत आणि जर्मनी यांच्यातील सामाजिक सुरक्षा करार १ मे २०१७ पासून अंमलात आहे. त्यायोगे दोन्ही देशांतील विम्याचा काळ पात्रतेसाठी एकत्र धरता येतो आणि कमावलेले पेन्शन दुसऱ्या देशात घेता येते. बेल्जियमशी असा करार त्याहूनही आधी झाला. म्हणजे इच्छा असली तर मार्ग आहे. प्रश्न इतकाच की आखातातील गवंडी, चालक आणि घरकाम करणाऱ्या स्त्रिया यांच्यासाठी अशी इच्छा अद्याप का दिसत नाही?

आता जोडीदाराचा विचार. परदेशात म्हातारपण काढण्यासाठी स्थानिक जोडीदार हा सर्वांत भक्कम आधार, असे समजले जाते. मानवी अर्थाने ते खरेच आहे. दवाखान्यातली भाषा, शेजार, सणवार, सरकारी कचेऱ्यांचे रिवाज यांची वाट तोच दाखवितो. परंतु कायद्याच्या अर्थाने हा आधार परावलंबनाचाही असतो. राहण्याचा हक्क जोडीदाराच्या नावावर मिळाला की संसार मोडताच हक्कही मोडतो. जर्मन कायद्याने यावर काही तोड काढली आहे. तेथे सर्वसाधारणपणे तीन वर्षांच्या सहजीवनानंतर परदेशी जोडीदाराला स्वतंत्र वास्तव्याचा हक्क मिळू शकतो.

भारताचा कायदा या बाबतीत मागे आहे, हे कबूल करावयास हवे. भारतीयाशी विवाह केलेल्या परदेशी व्यक्तीला विवाहाची नोंदणी होऊन दोन वर्षे झाल्यावर ओसीआय कार्ड मिळू शकते. पण विवाह संपुष्टात आला की सरकार ते रद्द करू शकते. मग तिने येथे पाच वर्षे काढलेली असोत की तीस. जर्मनीतून वा फ्रान्समधून नवऱ्याबरोबर मराठवाड्यात आलेली, सासू-सासऱ्यांची सेवा केलेली, मुले वाढविलेली स्त्री साठाव्या वर्षी घटस्फोटिता झाली तर कायद्याच्या लेखी ती पुन्हा परकी! हा स्त्रीच्या श्रमाचा अपमान आहे. विवाहाची नोंद नसलेल्या सहजीवनाला तर वास्तव्याच्या कायद्यात स्थानच नाही. २००५ च्या कौटुंबिक हिंसाचार प्रतिबंधक कायद्याने विवाहासारख्या संबंधांतील स्त्रीला संरक्षण दिले, पण त्यातून वारसाहक्क वा राहण्याचा परवाना निर्माण होत नाही.

जमिनीचा प्रश्न याहून नाजूक आहे. परतून येणाऱ्याच्या मनात बहुधा शेत असते : वडिलांची पाच एकर, विहीर, कडेला बांधलेले घर. त्याने परदेशी नागरिकत्व घेतले असेल तर भारतीय नागरिकत्व आपोआप संपलेले असते, कारण भारत दुहेरी नागरिकत्व मानीत नाही. ओसीआय कार्डधारकाला वारसाने आलेली शेतजमीन ठेवता येते, पण नवी विकत घेता येत नाही. त्याच्या परदेशी पत्नीला तर सातबाऱ्यावर एक गुंठाही खरेदीने चढविता येणार नाही. शिवाय मराठवाड्यात हैदराबाद कुळवहिवाट व शेतजमीन अधिनियम, १९५० याचे निर्बंध आहेतच. हे निर्बंध उठवावेत, असे काही मंडळी सुचवितात. ती सूचना घातक आहे. कुळांच्या दीर्घ लढ्यातून हे कायदे आले. पौंड-डॉलर हाती असलेल्यांना शेतजमिनीचा बाजार मोकळा केला तर अल्पभूधारकाचा टिकाव लागणार नाही. परदेशी मागणीने किनारपट्टीवरील घरांच्या किमती कशा चढतात, हे गोव्याने पाहिले आहे. म्हणून मागणी जमिनीच्या खरेदीची नको, निवाऱ्याची हवी. जोडीदाराच्या पश्चात त्या घरात आजन्म राहण्याचा आणि त्या शेताच्या उत्पन्नातून पोटगीचा निर्विवाद हक्क परदेशी पत्नीला वा पतीला असावा. मालकी गावाच्या मातीत राहील आणि माणूस रस्त्यावर येणार नाही.

या प्रश्नाची दुसरी बाजू थायलंडमध्ये दिसते. पन्नाशी ओलांडलेल्या परदेशीयाला आठ लाख बाथ बँकेत ठेवून वा ठरावीक मासिक उत्पन्न दाखवून तेथे निवृत्तीचा परवाना मिळू शकतो. जमीन मात्र परदेशीयाला विकत घेता येत नाही. ती थाई पत्नीच्या नावे होते आणि पैसा तिचाच असल्याचे तो लिहून देतो. या व्यवस्थेत खरे प्रेमही असते, ते नाकारण्याचे कारण नाही. पण पुष्कळदा एका बाजूला श्रीमंत देशाचे पेन्शन आणि दुसऱ्या बाजूला गरीब गावातली तरुण वा मध्यमवयीन स्त्री असा हा सौदा होतो. ती त्याची शुश्रूषा करते, पण तिचे स्वतःचे म्हातारपण कोणी योजीत नाही. तो जमिनीबद्दल धास्तावलेला, ती त्याच्या पेन्शनबद्दल. हक्क नसले की प्रेमालाही हिशेबनिसाचे काम करावे लागते. उद्या रुपया हाती असलेले भारतीय निवृत्त अधिक गरीब देशांत असेच गेले तर त्यांना वेगळी फुटपट्टी लावता येणार नाही.

तेव्हा जे कोणी असे म्हातारपण योजीत असतील त्यांनी आधी काही गोष्टी कागदावर आणावयास हव्यात. विवाहाची नोंद दोन्ही देशांत ग्राह्य आहे काय? विशेष विवाह कायद्याखाली भिन्नधर्मीयांचा विवाह असेल तर वारसा १९२५ च्या भारतीय वारसा अधिनियमाने ठरतो, हे माहीत आहे काय? दोन्ही देशांतील मालमत्तेची मृत्युपत्रे झाली आहेत काय? आणि सर्वांत महत्त्वाचे : घर सांभाळणाऱ्या जोडीदाराच्या स्वतःच्या नावावर पेन्शनचे खाते आहे काय? भारताची राष्ट्रीय पेन्शन योजना अनिवासी भारतीयांना, आणि २०१९ पासून ओसीआय कार्डधारकांनाही, खुली आहे. एकाच्या पेन्शनवर दोन म्हातारपणे टांगणे ही योजना नव्हे, जुगार आहे.

तथापि वैयक्तिक दक्षतेने सामाजिक प्रश्न सुटत नाही. आखाती देशांसह जेथे जेथे भारतीय राबतात तेथे तेथे भारत सरकारने सामाजिक सुरक्षेचे करार करावेत. गोठविलेल्या पेन्शनचा प्रश्न ब्रिटनशी प्रत्येक वाटाघाटीत मांडावा. दीर्घकाळ येथे राहिलेल्या परदेशी जोडीदाराचा वास्तव्याचा हक्क विवाहाच्या शेवटाबरोबर संपू नये, अशी दुरुस्ती नागरिकत्व कायद्यात व्हावी. आणि हे मागताना घरी राहिलेल्यांचा विसर पडू नये. केंद्राच्या वृद्धापकाळ योजनेतला ऐंशीपर्यंतच्या वृद्धांसाठीचा वाटा महिना दोनशे रुपयांवर वर्षानुवर्षे थिजलेला आहे. राज्याची भर धरून श्रावणबाळ योजनेचे मानधन २०२३ साली पंधराशे झाले, तेव्हा त्याचे मोठेपण सांगितले गेले. लंडनने पेन्शन गोठविले तर तो अन्याय, आणि दिल्लीने गोठविले तर ती काटकसर, असे म्हणता येणार नाही. परदेशी मुलगा आपल्या निवृत्तीचा आराखडा आखीत असताना हिमायतनगरच्या शेतमजूर आईला तहसील कचेरीच्या पायऱ्या झिजवाव्या लागत असतील, तर दोघांच्या हक्काची लढाई एकच आहे हे त्याने ओळखले पाहिजे. ज्याने आयुष्यभर श्रम केले त्याचे म्हातारपण राजाच्या, मालकाच्या, नवऱ्याच्या वा सरकारच्या कृपेवर असता कामा नये. मग तो कोणत्याही देशात असो.