मुलाचे पाय आणि पाळण्याची दोरी

मुलाचे पाय पाळण्यांत दिसतात, ही म्हण आपल्या घरोघरीं चालते. वकिलाचें पोर चुणचुणीत निघालें तरी हीच म्हण, आणि मजुराचें पोर तिसरींत अडखळलें तरी हीच म्हण. जणूं पांचवीच्या रात्रीं सटवाईनें एकाच्या कपाळीं अक्षर लिहिलें आणि दुसऱ्याच्या कपाळीं खुरपें! आमचा प्रश्न इतकाच कीं, पाळण्यांतले पाय पाहाणारे हे लोक पाळण्याची दोरी कोणाच्या हातांत आहे, हें कां पाहात नाहींत?

शेतकऱ्याच्या घरीं आई खुरपणीला, बाप पाण्याच्या पाळीवर, म्हातारी गुरांमागें. कुंभाराच्या घरीं एक मातीवर, दुसरा भट्टीवर. मग दोरी येते ती आठ वर्षांच्या थोरल्या मुलीच्या हातांत. धाकट्याला सांभाळण्यासाठीं तिची शाळा बुडते, आणि पुढें हीच मंडळी म्हणतात, “पोरीचें डोकें अभ्यासांत नाहीं.” डोकें होतें, तें आम्हींच पाळण्याला बांधून ठेविलें.

बुद्धि ही जातीनें किंवा कुळानें वांटून मिळते, हा समज खोटा आहे. पहिल्या पांच-सहा वर्षांत मुलाचा मेंदू फार झपाट्यानें वाढतो. त्याला पोटभर अन्न पाहिजे, निर्धास्त झोंप पाहिजे, आणि त्याच्या बोबड्या बोलाला उत्तर देणारें मोठें माणूस पाहिजे. जमेका बेटांतील किंग्स्टन शहरीं १९८६-८७ सालीं गरीब वस्तींतील, वाढ खुंटलेलीं १२९ बालकें निवडण्यांत आलीं. त्यांतल्या कांहींच्या घरीं आरोग्यसेविका आठवड्याला एक तास जाई आणि घरींच केलेल्या खेळण्यांनीं मुलाशीं कसें खेळावें, कसें बोलावें, हें आईला दाखवी. असें दोन वर्षें चाललें. हीं मुलें मोठीं होऊन कामाला लागलीं, तेव्हां ज्यांस हा खेळ मिळाला नव्हता त्यांच्यापेक्षां त्यांची कमाई शेंकडा २५ नें अधिक भरली. हा निष्कर्ष २०१४ सालीं प्रसिद्ध झाला. ज्यांस नुसतें दूध पुरविलें होतें, त्यांच्यांत असा फरक टिकलेला दिसला नाहीं. याचा अर्थ अन्न नको असा नव्हे. भुकेल्या पोटीं खेळही सुचत नाहीं. पण पोट भरलें म्हणजे मूल वाढलें, असेंही नव्हे. आणि तीं मुलें कोणाचीं? गरिबांचींच. त्यांचें कुळ बदललें नव्हतें. आठवड्याचा एक तास बदलला होता.

अमेरिकेंतील समाजशास्त्रज्ञ ॲनेट लॅरो यांनीं अनेक कुटुंबांत जाऊन-बसून पाहिलें आणि २००३ सालीं ग्रंथ लिहिला. त्यांना असें दिसलें कीं, कामकरी आईबापांची माया कमी नसते. त्यांचीं मुलें भावंडांशीं अधिक मिळून राहातात आणि स्वतःचे खेळ स्वतः रचतात. परंतु सुखवस्तु घरांत मुलाला प्रश्न विचारण्याची व मोठ्यांशीं वाद घालण्याची संवय लावतात, आणि शाळा व कचेऱ्या त्याच संवयीला हुषारी समजतात. म्हणजे माप एका घरचें आणि मोजायचें सर्वांना! आमच्या खेड्यांतही याहून निराळें नाहीं.

तेव्हां कष्टकरी घरांत उणीव आहे ती मायेची नव्हे, वेळेची आहे. आईला “मुलांकडे लक्ष दे” असा उपदेश करणें सोपें. तिची रोजी कोण भरून देणार? ताराबाई मोडक व अनुताई वाघ यांनीं हें ओळखलें होतें. १९४५ सालीं त्यांनीं बोर्डी येथें काम आरंभिलें व पुढें तें कोसबाडला नेलें. मुलें बालवाडींत येत नाहींत, तर बालवाडीच त्यांच्या अंगणांत न्यावी. थोरली बहीण धाकट्याला सोडून येऊं शकत नाहीं, तर पाळणाघर व शाळा एकाच जागीं ठेवावी. गुराख्यांसाठीं कुरणशाळा काढावी. त्यांनीं मुलाला दोष दिला नाहीं, शाळेलाच वाकविलें.

त्या अंगणाचें नांव घेऊन २ ऑक्टोबर १९७५ पासून सरकारची अंगणवाडी चालूं आहे. पण ती कांहीं तासांची, आणि शेतांतला दिवस उजाडल्यापासून मावळेपर्यंतचा. २००९ च्या कायद्यानें शिक्षणाचा हक्क दिला तो सहा ते चौदा वर्षांच्या मुलांस. ज्या वयांत पाया भरतो, तें वय बाहेरच राहिलें. सेविकेवर गांवाची वह्या-नोंदणी लादावयाची आणि हातावर पगार नव्हे, मानधन ठेवावयाचें! ऊसतोडीला नवराबायको मिळून एक कोयता धरतात. त्या कोयत्याबरोबर जाणाऱ्या पोरांची मोजदाद कोण करतो? पाळणाघराला जोडलेली अंगणवाडी गांवोगांव, आणि हंगामांत कारखान्याच्या तळावरही, दिवसभर उघडी राहिली पाहिजे. ग्रामसभेंत हें मागा. रस्त्याइतक्याच जोरानें मागा.

आतां दोन शब्द घरच्यांस. सरकार जागें होईपर्यंत मूल थांबत नाहीं. भाकरी थापतांना त्याच्याकडून भाकरी मोजून घ्या. पेरतांना बियाण्यांचीं नांवें सांगा. सुताराच्या पोराच्या हातीं लांकडाचे ढलपे द्या. आजीच्या कोड्या-उखाण्यांसारखी बालवाडी नाहीं. मुलानें “कां?” म्हणून विचारलें तर “गप बैस” म्हणूं नका, घरांत ज्याला गप बसविलें, तें कचेरींतही गप्पच बसतें. आणि हें एकट्या आईचें काम नव्हे. बापानें संध्याकाळीं पारावरून अर्धा तास लौकर उठावें, एवढें तर कोणाच्याही मंजुरीवांचून होण्यासारखें आहे.

पाळण्याची दोरी बाप, आई व गांव यांनीं मिळून धरावी, आणि त्या आठ वर्षांच्या मुलीच्या हातांत पाटी द्यावी. मग कोणाचे पाय कोठवर जातात, तें पाहूं!