आधी रूळ, मग पाणी

"इंग्रजांनी रेल्वे तरी दिली ना!" मेसच्या टेबलावर हे हमखास ऐकू येतं. दिली, पण पैसा कुणाचा? १८४९ च्या करारांत जीआयपीसारख्या कंपन्यांना ५ टक्के परताव्याची हमी होती. कमी पडेल ते इथल्या महसुलातून भरायचं. मग काटकसर करतो कोण? (आपला एस्टिमेटिंगचा पेपर दर विचारतो, आधी काय बांधायचं ते नाही!) गोदावरीवर धवळेश्वरमचा बंधारा बांधणारे आर्थर कॉटन कालव्यांसाठी भांडत राहिले. पैसा मात्र रुळांवरच जास्त गेला. १८७६-७८ च्या दुष्काळात गाडीने धान्य आलं, पण विकत घ्यायला शेतकऱ्याकडे दमडी नव्हती. पुणे जिल्ह्यातला नीरा कालवा झाला तो त्यानंतर.