खाटेवरची विश्रांती पायांना महाग पडते

एप्रिल १९८४ मध्ये राकेश शर्मा यांनी अंतराळात योगासने केली. त्याचे कौतुक पुष्कळ झाले, पण तो मुळात वैद्यकीय प्रयोग होता. अंतराळात शरीराला स्वतःचे वजन जाणवत नाही, पायांवर भार येत नाही. ज्या अवयवाला काम नाही, त्याची शरीर निगा राखत नाही. स्नायू बारीक होतात. व्यायाम न केल्यास भार पेलणाऱ्या हाडांतील खनिजे महिन्याला सुमारे १ ते दीड टक्का घटतात.

म्हणून आंतरराष्ट्रीय अंतराळ स्थानकावर रोज सुमारे २ तास व्यायाम करतात. तेथे लोखंडी वजने उचलून उपयोग नाही, कारण वजनालाच वजन नसते. त्यामुळे ताण देणारी यंत्रे वापरतात आणि पट्ट्यांनी शरीर खाली ओढून धरून धावतात. २०२५ मध्ये शुभांशु शुक्ला तेथे १८ दिवस राहिले. त्यांच्या प्रयोगांतही स्नायूंच्या झिजेचा एक विषय होता.

नांदगावकरांना याचे काय, असे कोणी विचारील. ही झीज जमिनीवर अभ्यासण्यासाठी शास्त्रज्ञ धडधाकट माणसांना काही आठवडे खाटेवर झोपवून ठेवतात. परिणाम बराचसा तोच होतो.

आपणही घरोघरी आजी-आजोबांना असेच झोपवून ठेवतो. ताप उतरला तरी ‘पडून राहा’ म्हणतो, पाण्याचा तांब्याही हातात देतो. महिन्याभरात पाय लटपटतात, पडण्याची भीती बसते आणि मग खाट सुटत नाही. दोष मात्र वयाला दिला जातो. माझ्या मते ही सेवा नव्हे.

डॉक्टरांनी मनाई केली नसेल, तर आजार उतरताच त्यांना उठवावे. खुर्चीतून सावकाश उठणे-बसणे, आधार धरून टाचा उचलणे, ओसरीपर्यंत चालणे, हे दिवसातून २-३ वेळा करवून घ्यावे. जवळ कोणीतरी असावे. चक्कर, दम किंवा छातीत दुखणे जाणवल्यास थांबून डॉक्टरांना दाखवावे. जेवणात भाकरीबरोबर डाळ, मटकी, दूध किंवा ताक असावे. पाय थोडे सुधारले की नस्तनपूरला दर्शनाला नेताना गाडी मंदिरापासून थोडी अलीकडे थांबवावी.

परतलेल्या अंतराळवीराला पुन्हा नीट चालता यावे म्हणून तज्ज्ञ मंडळी हजर असतात. आपल्या घरातल्या म्हाताऱ्या माणसाला उठताना घरच्याच कोणाचा तरी हात हवा असतो.