वसईला या, पण भिंतीबाहेरच्या वसईला

‘बाई, वसईला एका दिवसात काय काय होईल?’ सुट्ट्या जवळ आल्या की हे फोन सुरू होतात. विचारणारे बहुतेक जुने विद्यार्थी, आता कोणी ठाण्याला, कोणी पुण्याला. प्रश्न एकच असला तरी त्यात तीन पोटप्रश्न असतात. जेवायचं कुठे, ‘बसायचं’ कुठे, आणि काहीतरी वेगळं करण्यासारखं काय आहे? मुलं पन्नाशीला आली, पण ‘बसायचं’ म्हणताना बाईंसमोर अजून आवाज खाली जातो, याची मला मोठी गंमत वाटते. तर मंडळी, तिन्ही पोटप्रश्नांची उत्तरं एकदाच लिहून टाकते.

आधी माझं मत. वसईत येऊन रिसॉर्टमध्ये दिवस काढणं म्हणजे वसईत न येणंच. अर्नाळा, कळंब, राजोडी या पट्ट्यात रविवारी बघा. सकाळी गाडी फाटकातून आत जाते. आत तरणतलाव, कानठळ्या बसवणारी गाणी आणि पनीरची भाजी. संध्याकाळी गाडी बाहेर. हे लोणावळ्याला केलं काय नि कर्जतला केलं काय, फरक काय पडला? रिसॉर्टवाल्यांशी माझं भांडण नाही. गावातल्या मुलामुलींना तिथे कामं मिळतात, हेही मला माहीत आहे. पण त्या भिंतीच्या पलीकडे जे आहे, ते दुसरीकडे कुठे मिळणार नाही आणि इथेही फार दिवस टिकेल याची खात्री नाही. म्हणून हा खटाटोप.

येताना शक्य असेल तर भाईंदरहून पाण्याने या. २०२४ साली भाईंदर ते वसई रो-रो बोट सुरू झाली. गाडी, दुचाकी, माणसं, सगळं नेते. वेळापत्रक मात्र आधी विचारून घ्या. खाडी ओलांडली की समोर किल्ला. गुजरातच्या बहादूरशहाने १५३४ च्या तहात वसई पोर्तुगिजांना दिली, तेव्हापासून दोनशे वर्षं या बंदरावर त्यांचं राज्य होतं. मे १७३९ मध्ये चिमाजी आप्पांनी किल्ला घेतला. आणि ज्या तहाने दुसऱ्या बाजीरावाने इंग्रजांची तैनाती फौज पत्करली, तो १८०२ चा तहही वसईचाच. म्हणजे मराठी राज्याच्या एका मोठ्या विजयाची आणि एका मोठ्या शरणागतीची नोंद एकाच गावाच्या नावावर आहे. परीक्षेला सन पाठ करणाऱ्या मुलांना मी हेच सांगत असे, की सन विसरलात तरी चालेल, हे विसरू नका.

किल्ल्यात छत उडालेल्या चर्चच्या भिंती आहेत, नागेश्वराचं देऊळ आहे, कोळ्यांची वस्ती जवळच आहे. रिकाम्या घंटाघरांकडे बघताना एवढं लक्षात ठेवा, की इथल्या घंटा मराठी फौजेबरोबर घाटावर गेल्या. नाशिकच्या नारोशंकराच्या देवळात आणि वाईजवळच्या मेणवलीला अशा घंटा आजही बघायला मिळतात. ‘वेगळं काहीतरी’ हवं असणाऱ्यांना मी हा गृहपाठ देते. वसईचं रिकामं घंटाघर आधी बघा, आणि पुढच्या सहलीत घंटा.

किल्ल्यातून गावात या. सकाळच्या वेळी होळी बाजारात वाडीवरची ताजी भाजी, अळू, केळी, फुलं घेऊन बायका बसलेल्या असतात. त्यांच्याशी घासाघीस करू नका. घरी नेण्यासाठी सुकेळी मागा. राजेळी केळी सोलून, उन्हात दिवसचे दिवस वाळवून, केळीच्या सोपटात बांधलेली असतात. दिसायला काळपट, चवीला मधासारखी. कारखान्यातल्या कुठल्याही मिठाईपेक्षा ती मला जास्त आवडतात आणि टिकतातही जास्त.

मग रिक्षा न करता गिरीज, भुईगाव, निर्मळ या बाजूला थोडं चाला, नाहीतर सायकल मिळवा. दोन्ही बाजूंना वाड्या लागतील, पानवेली, मोगरा, सोनचाफा. इथली फुलं पहाटेच्या लोकलने दादरला जातात. मुंबईच्या देवांना वसईचा वास लागतो तो असा! वाटेत एखादं बावखल दिसलं तर थांबा. बावखल म्हणजे वाडीत खणलेलं तळं. पावसाचं पाणी त्यात साठायचं, जमिनीत मुरायचं आणि उन्हाळ्यात शिंपायला यायचं. पूर्वी त्यावर रहाट फिरत. आता कित्येक बावखलं भराव घालून बुजवली गेली, त्यामुळे दिसलेलं प्रत्येक बावखल हे प्रेक्षणीय स्थळच समजा. तिकीट नाही.

आता जेवण. इथे एक स्वयंपाकघर नाही, पाच-सहा आहेत. वाडवळांची उकडहंडी, केळीच्या पानातली पानगी, कोळ्यांचं मासळीचं कालवण, ख्रिस्ती घरांतले फुगे. बोलीही तशाच, वाडवळी वेगळी, सामवेदी ख्रिस्ती बांधवांची कादोडी वेगळी. मोठ्या पाटीच्या हॉटेलात यातलं फारसं काही मिळत नाही. गावात चौकशी करा. घरून ऑर्डर घेणाऱ्या बायका आता बऱ्याच आहेत, फक्त आदल्या दिवशी सांगावं लागतं. आणि संध्याकाळी आगाशीला जाऊन भुजिंग खा. कोंबडी निखाऱ्यावर भाजतात आणि पोहे, बटाटा, मसाल्यात एकत्र करतात. पोहे आणि कोंबडी हा मेळ ऐकून पुणेकर नाक मुरडतात, आणि दुसरी प्लेट मागवतात.

राहिला ‘बसायचा’ प्रश्न. बारची यादी या वयात मी काय देणार! पण शिकवायची सवय आहे, म्हणून दोन गोष्टी सांगते. एक, जिथे गावातले लोक कुटुंब घेऊन मासे खायला येतात, तिथे बसा. तिथे तुम्हाला जेवणही चांगलं मिळेल आणि आवाजही आपोआप बेताचा राहील. दोन, प्यायल्यावर समुद्रात उतरू नका. इथला किनारा सपाट दिसतो, पण भरती-ओहोटीचं पाणी फसवं आहे. बुडाल्याच्या बातम्या अधूनमधून येतच असतात, आणि पाण्यात शोधायला उतरतात ते आमचे कोळी. तुमच्या सहलीचा भार त्यांच्यावर टाकू नका.

आता जे ठिकाण कोणी विचारत नाही, ते सांगते. नालासोपारा पश्चिमेला एक स्तूप आहे. गावकरी त्या उंचवट्याला बुरुड राजाचा कोट म्हणत. १८८२ मध्ये पंडित भगवानलाल इंद्रजींनी तो खणला, तेव्हा आतून दगडी पेटी आणि एकात एक ठेवलेले करंडक निघाले. सोपारा म्हणजे प्राचीन शूर्पारक, देशोदेशींच्या जहाजांचं बंदर. त्याच साली इथे अशोकाच्या शिलालेखाचा एक तुकडाही मिळाला, तो आठव्या लेखाचा. आठवा लेख कशाबद्दल आहे ठाऊक आहे? सहलीबद्दल! पूर्वीचे राजे विहारयात्रेला जात, शिकार करत, मौजमजा करत. आपण त्याऐवजी धर्मयात्रा सुरू केली, असं अशोक त्यात सांगतो. त्या यात्रेत काय करायचं? श्रमण-ब्राह्मणांना भेटायचं, वृद्धांना भेटून दान द्यायचं, खेड्यापाड्यांतल्या लोकांना भेटायचं, बोलायचं. आणि यातच अधिक आनंद आहे, असंही तो म्हणतो.

एवढे सगळे लेख असताना सोपाऱ्याला नेमका हाच तुकडा मिळावा, हा योगायोगच. पण सव्वादोन हजार वर्षांपूर्वीचं ते म्हणणं मला आजच्या रविवारलाही लागू वाटतं. भिंतीच्या आत असते ती विहारयात्रा. दुसरी यात्रा बाजारात, वाडीत, माणसांशी बोलण्यात असते. तिला धर्म म्हणा, नाहीतर साधं माणूसपण म्हणा.

हा नुसता उपदेश नाही, त्यात व्यवहार आहे. २००९ मध्ये चार नगरपालिका आणि आसपासची गावं मिळून वसई-विरार महापालिका झाली. कित्येक गावांनी त्याला विरोध केला होता. फादर फ्रान्सिस दिब्रिटो हरित वसईसाठी वर्षानुवर्षं लढले. उस्मानाबादच्या साहित्य संमेलनाचे अध्यक्ष म्हणून महाराष्ट्राने त्यांना ओळखलं, आम्ही त्यांना झाडांसाठी रस्त्यावर उतरणारा माणूस म्हणून ओळखत होतो. २०२४ च्या जुलैत ते गेले. २०१८ च्या जुलैत वसई पाण्याखाली गेली, लोकल बंद पडल्या, तेव्हा बुजवलेल्या तळ्यांची आणि मिठागरांची किंमत सगळ्यांना कळली. पण पाणी ओसरलं की आठवणही ओसरते.

वाडीवाल्याच्या दृष्टीने गणित सोपं आहे. मोगऱ्याचे पैसे बेभरवशाचे, प्लॉटचे रोख. ‘वाडी विकू नका’ असं त्याला सांगायचा अधिकार मला पेन्शन खाऊन कसा असेल? पण त्याची भाजी, सुकेळी, त्याच्या बायकोच्या हातचं जेवण याला दर रविवारी गिऱ्हाईक मिळालं, तर विकण्याआधी तो निदान एकदा थांबून विचार करेल. तुमच्या एका दिवसाने वसई वाचणार नाही. मात्र तुमचे पैसे कोणत्या वसईला द्यायचे, हे ठरवणं तुमच्याच हातात आहे.

म्हणून या. कापडी पिशवी रिकामी आणा, भरून न्या. आपला कचरा आपल्याबरोबर परत न्या. परतीच्या लोकलला विरारहून बसायला जागा मिळेल, तेवढी एक सोय आमच्याकडे आहे!