पडद्यावर हरवलेला अनुस्वार

गृहनिर्माण सोसायटीची वार्षिक सर्वसाधारण सभा. खजिनदारांनी रात्र जागून एक्सेलमध्ये हिशेब मांडलाय आणि गणपतीच्या खर्चाचं पान पडद्यावर आलंय. मागच्या रांगेतून एक काका उठतात. "भाडी 18,500? कसली भाडी? हॉल तर आपलाच आहे!" पाच मिनिटं खडाजंगी होते. शेवटी कोणीतरी पडद्याजवळ जाऊन डोळे बारीक करून वाचतं. ती भाडी नव्हेत, भांडी आहेत. महाप्रसादाच्या पातेल्यांचा खर्च. अनुस्वार वाटेत गळालाय.

कुठे गळाला, हे आकड्यांत दिसतं. आजच्या साध्या लॅपटॉपचा पडदा बहुधा 1920 बाय 1080 ठिपक्यांचा असतो, म्हणजे 20 लाख 73 हजारांच्या वर ठिपके. सभागृहांतून वर्षानुवर्षं तग धरून असलेले कितीतरी प्रोजेक्टर 1024 बाय 768 चे. त्यांच्याकडे जेमतेम 7 लाख 86 हजार. लॅपटॉपने पाठवलेलं मोठं चित्र प्रोजेक्टर बहुतेक वेळा नाकारत नाही, आपल्या मापात कोंबतो. रोमन अक्षरं या कोंबाकोंबीतून बऱ्यापैकी सुटतात. देवनागरीचं निम्मं काम मात्र डोक्यावर आणि पायाशी चालतं. अनुस्वार, रफार, उकार, जोडाक्षरातला तळाचा तुकडा, सगळे अंगाने बारीक. ठिपके कमी पडले की पहिली कुऱ्हाड त्यांच्यावरच.

वायर जोडली, चित्र आलं, झालं काम, ही समजूत इथे नडते. विंडोजची कळ आणि 'पी' एकत्र दाबले की चार पर्याय समोर येतात. 2009 च्या विंडोज 7 पासून ही सोय आहे, तरी ती ठाऊक नसलेले वक्ते प्रत्येक कार्यक्रमात भेटतात. त्यातला 'डुप्लिकेट' सगळ्यांच्या आवडीचा, कारण जे इथे तेच तिथे. पण त्यात दोन्ही पडद्यांना एकाच मापात बसावं लागतं, आणि मापं वेगळी असली की एकाचं चित्र पुसट होतं, ताणलं जातं किंवा कडेला काळ्या पट्ट्या येतात. 'एक्स्टेंड' निवडला तर प्रोजेक्टर हा स्वतंत्र दुसरा पडदा ठरतो. मग डिस्प्ले सेटिंग्जमध्ये 2 आकड्याच्या चौकटीवर क्लिक करायचं, ज्या मापापुढे 'रेकमेंडेड' लिहिलंय ते घ्यायचं आणि त्या पडद्यापुरतं स्केल 150 टक्के करायचं. लॅपटॉपला धक्काही लागत नाही. वर, पॉवरपॉइंटमध्ये वक्त्याला आपली टिपणं आणि पुढची स्लाइड फक्त स्वतःपुरती दिसते. माउसचा बाण पडद्याच्या कडेपलीकडे गडप होतो तेव्हा माणूस गांगरतो खरा, पण ती सवय दोन दिवसांची.

'रेकमेंडेड'वरही डोळे मिटून विश्वास टाकू नये. ते माप प्रोजेक्टरने स्वतःबद्दल कळवलेल्या माहितीवरून ठरतं, आणि स्वस्त प्रोजेक्टर स्वतःबद्दल वाढवून सांगतात. खोक्यावर ठळक 'फुल एचडी सपोर्ट', आत ठिपके 800 बाय 480. 'सपोर्ट' याचा अर्थ एवढाच, की तेवढं चित्र तो गिळू शकतो. खरेदी करताना 'नेटिव्ह रिझोल्यूशन' किती, हा एकच प्रश्न दुकानदाराला विचारावा.

दुसरा गैरसमज उजेडाचा. चित्र फिकं दिसलं की वक्ता लॅपटॉपचा ब्राइटनेस वाढवत बसतो. त्याने लॅपटॉप झगझगतो, प्रोजेक्टरच्या दिव्यावर काडीचा परिणाम होत नाही. आणि प्रोजेक्टर काळा रंग टाकू शकत नाही! तो फक्त उजेड टाकतो. त्याचा 'काळा' म्हणजे पडदा मुळात जितका काळोखात आहे तितकाच. दुपारी तीन वाजता, खिडक्या सताड उघड्या असलेल्या मंगल कार्यालयात गडद निळ्यावर पिवळी अक्षरं करड्या धुक्यातच जाणार. पांढऱ्यावर काळी अक्षरं घ्यावीत आणि पडद्यावरची ट्यूबलाइट तेवढी बंद करावी. अख्खं सभागृह अंधारात बुडवलं तर जेवणानंतरच्या सत्रात काय होतं, ते सर्वांना ठाऊक आहे.

प्रोजेक्टरखाली वह्यांचा गठ्ठा सरकवून चित्र वर चढवायचं आणि वर रुंद, खाली अरुंद झालेला चौकोन 'कीस्टोन'च्या बटणाने सरळ करायचा, हा आपला राष्ट्रीय उपाय. बटण चित्राची रुंद बाजू चेपून बसवतं. आधीच तुटपुंजे असलेले ठिपके आणखी कमी होतात. टेबलच दोन फूट मागेपुढे सरकवलेलं बरं.

आवाजाचं तर विचारूच नका. एचडीएमआय वायरीतून चित्रासोबत आवाजही जातो. त्यामुळे सभागृहात मोठे स्पीकर असताना चित्रफितीतलं भाषण प्रोजेक्टरच्या पोटातल्या चिमुकल्या स्पीकरमधून किणकिणतं. तळाच्या पट्टीतल्या स्पीकरच्या चिन्हावर जाऊन आवाजाची वाट बदलली की काम होतं, पण तोवर संयोजक ऑपरेटरला हाका मारत सुटलेले असतात.

जिल्हा परिषदेच्या शाळांत हा गोंधळ त्यामानाने कमी होतो. 2015 साली 'प्रगत शैक्षणिक महाराष्ट्र' कार्यक्रम सुरू झाल्यावर अनेक शाळा लोकवर्गणीतून डिजिटल झाल्या. तिथे गुरुजी तेच, लॅपटॉप तोच, भिंतही तीच. एकदा बसवलेलं माप वर्षभर चालतं. शहरातल्या सभागृहात रोज नवा पाहुणा नवा लॅपटॉप घेऊन येतो. भिंतीत मात्र 15 टाचण्यांचं तेच निळं व्हीजीए सॉकेट, जे आयबीएमने 1987 मध्ये आणलं. 2015 पर्यंत ते निवृत्त करू, असं इंटेल आणि एएमडीने 2010 च्या डिसेंबरात जाहीर केलं होतं. नव्या लॅपटॉपांतून ते गेलंही; भिंतीला कोणी कळवलं नाही. वायर जरा ढिली झाली आणि लाल रंगाची टाचणी सुटली की मुख्य पाहुण्यांचा चेहरा हिरवट-निळा दिसू लागतो.

म्हणून दोष एकट्या वक्त्याच्या माथी मारणं अन्यायाचं आहे. त्याने आपल्या बाजूने युनिकोड फॉन्ट वापरावा, पेनड्राइव्हवर पीडीएफची प्रत ठेवावी, व्हॉट्सॲपची खिडकी बंद करावी आणि शेवटच्या रांगेत जाऊन स्वतःचीच स्लाइड एकदा वाचावी. पण प्रोजेक्टर कोणता, हे त्याला कळणार कसं? संयोजक त्याला श्रीफळ कोणाच्या हस्ते मिळणार इथपर्यंत सगळं आधी कळवतात, पडद्याविषयी चकार शब्द काढत नाहीत. निमंत्रणाच्या निरोपात दोन ओळी वाढवायला पैसे पडत नाहीत: "आमचा प्रोजेक्टर 1280 बाय 800 चा आहे, वायर एचडीएमआयची, आवाजाची वायर वेगळी. अर्धा तास आधी या, चहा तेव्हाच मिळेल."